पन्हळीची ओटी

इंग्लंडातला रस्ता इतका गुळगुळीत, की थर्मासमधल्या चहाला झोप लागली. हे वाक्य मी उल्हासनगरच्या बाजारात इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलंय, की आता तो चहा खरोखरच घोरतो.

माझा धंदाच तसा आहे. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या दुकानात मी पडद्यांचं कापड विकायचो, अजूनही विकतो. कापड आमच्याच मागच्या गल्लीत रंगवलेलं असायचं, पण माझ्या तोंडातून निघेपर्यंत ते कुठल्या तरी राणीच्या महालातून उतरवलेलं व्हायचं. शेठ गल्ल्यावरून म्हणायचे, "साईं, थोडा कम बोलो, रानी आ जायेगी अपना परदा मांगने." पण हसायचेही. माल खपायचा ना.

तर आम्ही इंग्लंडला गेलो ते माझ्या मेहुण्यांच्या जिवावर. बायकोचा भाऊ तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता. लग्न व्हायचं होतं, घर मोकळं होतं, आणि त्याला इतिहासाचं भयंकर वेड. "ताई, भावजी, आईंना घेऊन या," त्याने फोनवर सांगितलं. "आठवडाभर गाडी घेऊ भाड्याने. किल्ले दाखवतो."

अडचण एकच होती, माझी आई.

आई मूळची बदलापूरकडच्या खेड्यातली, भातशेतीवाल्यांची. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या खोलीत राहायला येऊन तिचे केस पांढरे झाले, तरी मामांच्या शेतातला तांदूळ आल्याशिवाय तिची चूल पेटायची नाही. ती इंग्लंडला नको म्हणत होती, आणि त्याचं कारण बदलापूरजवळच्या सोनिवलीला होतं. माझी धाकटी बहीण तिथे नव्या बिल्डिंगीत राहायची. दोनदा तिला दिवस राहून गेले होते. आता तिसऱ्यांदा राहिले होते आणि पाचवा लागला होता.

"मी नाय येत," आई म्हणाली. "पोरीला असं टाकून किल्लं बघत फिरू?"

"अगं, तिची सासू आहे तिच्याजवळ. आणि किल्ल्यांचं कुणी सांगितलं तुला? इंग्लंडात नुसती देवळं! आपल्याकडे कोसाला एक, तिकडे कोसाला तीन. प्रत्येक देवाला पोरीसाठी हात जोडून येशील. इथे बसून एकाच देवाला किती त्रास देणार?"

मला सोबत हवी होती म्हणून मी असं बोललो असेन, किंवा आई आयुष्यात कुठे गेली नव्हती म्हणून. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक उठून चाललं की माझी जीभ आपोआप पुढे धावते. आईने शेवटी सुटकेस भरली. त्यात कुंकवाची डबी, हळद, एक नारळ, खण, आणि मेहुण्यांसाठी म्हणून मामांकडच्या तांदळाची पिशवी. तिकडच्या विमानतळावर तपासणीवाल्याने आमच्या सगळ्या बॅगा उलथ्यापालथ्या केल्या, फक्त आईची सोडली. तिने त्याच्याकडे सासूच्या नजरेने पाहिलं असावं.

गाडी एवढी मोठी, की आमची अंबरनाथची खोली आत मावून वर पाव्हण्यांना जागा उरली असती. मेहुणे चालवायला, शेजारी मी, मांडीवर छापून आणलेल्या नकाशांचा गठ्ठा. मागे बायको आणि आई. तिकडे जुन्या वास्तूंकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तपकिरी पाट्या असतात. तपकिरी पाटी दिसली की मेहुणे कचकन गाडी वळवायचे, मग ती एखाद्या राजाच्या तबेल्याची का असेना.

पहिल्या किल्ल्यात आईने पूर्ण चक्कर मारली. बुरूज पाहिले, खंदक पाहिला, तळघर पाहिलं. बाहेर येऊन मला विचारलं, "देव कुठं हाय?"

"पुढच्या ठिकाणी."

पुढे स्टोनहेंज आलं. उघड्या माळावर उभे दगड, त्यांच्यावर आडवे दगड, भोवती दोरी आणि लांबवर मेंढ्या. मेहुणे भारावून सांगत होते की हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि बराच वेळ पाहिलं. "बिल्डर पळाला वाटतं," ती म्हणाली. "सोनिवलीला आपल्या पोरीच्या बाजूची बिल्डिंग अशीच उभी हाय. पिलर हायत, स्लॅब अर्धा."

मेहुण्यांचा चेहरा पडला. मी हसून हसून दोरीवर पडलो.

बाथला रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं कुंड होतं. "हे तं वज्रेश्वरीसारखं," म्हणत आई खूश झाली. पण आत उतरायला मनाई आहे म्हटल्यावर तिला ते पटेना. "गरम पाणी हाय नि अंघोळ नाय? मग त्याचं करतात काय?" आणि लगेच, "देव कुठं हाय?"

"अगं, पुढे!"

"अहो," बायको मागून म्हणाली, "त्यांना आधीच सांगायचं होतंत, इकडे तसले देव नसतात म्हणून. दर ठिकाणी पुढे पुढे करताय. बस कंडक्टर झालात नुसते."

त्या संध्याकाळी आईने सोनिवलीला फोन लावला. बोलणं लवकर संपलं. बहिणीला त्रास झाला होता, थोडं रक्त गेलं होतं, डॉक्टरने पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही असं बजावलं होतं. आई एवढंच म्हणाली, "दोन्ही खेपेला असंच सुरू झालं होतं." मग तिने कुंकवाची डबी सुटकेसमधून काढून पर्समध्ये ठेवली.

लगेच परतायची तिकिटं बदलता येत नव्हती. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर फोन करून पाहिलं, पण जमेना. घरात बसून आईचा जीव अजून खाल्ला जाईल, म्हणून आम्ही पुन्हा गाडीत बसलो. आई खिडकीशी होती, बाहेर बघत नव्हती. बायको तिचा हात धरून होती. मी पुढे बसून मांडीवरचे नकाशे उगाच पुन्हा पुन्हा लावत होतो. तिला मीच ओढून आणलं होतं.

अशात एक तपकिरी पाटी आली. मेहुण्यांचे हात सवयीने वळले.

एका खेड्याच्या टोकाला जुन्या चर्चचे अवशेष होते. छप्पर नाही, तिकीट नाही, माणूस नाही. गुडघाभर गवत आणि चार भिंती. भिंतीच्या पायथ्याशी काही कोरीव दगड मांडून ठेवले होते, त्यांतला एक म्हणजे बाईचा चेहरा. नाक झिजलेलं, डोळे मोठे, तोंड सताड उघडं. बाजूला पाटी. मेहुण्यांनी ती इंग्रजीत मोठ्याने, हातवारे करत वाचली. छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून पन्हळीच्या टोकाला असे चेहरे बसवत, त्यांच्या तोंडातून पाणी खाली पडायचं. म्हणजे थोडक्यात, पन्हळ.

आई त्या चेहऱ्यासमोर उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने मान न वळवता विचारलं, "ही कोण?"

आवाज असा होता, की 'पन्हळ' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "ही देवी."

"कुठली?"

"इकडची सटवाई."

एकदा दुकान उघडलं, की मग माझं मलाच आवरत नाही. इंग्रज बायका हिच्याकडे नवसाला येतात, म्हणालो. तोंड उघडं आहे ना, ती पोटातल्या बाळांना हाक मारतेय, बाहेर या म्हणून. राजघराण्यातल्या सुनासुद्धा येतात, पण गुपचूप, तोंडावर जाळी घेऊन. मेहुणे माझ्याकडे बघतच राहिले. बायकोने डोळे मिटून घेतले.

आईने पर्स उघडली. कुंकू निघालं, हळद निघाली, खण निघाला. नारळ निघाला, तो ती आदल्या दिवसापासून पर्समध्ये वागवत होती हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवटी रुमालात बांधलेले मामांच्या शेतातले तांदूळ. तिने त्या दगडी बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, रीतसर तिची ओटी भरली, आणि ओल्या गवतात गुडघे टेकून मोठ्याने बोलली, देवीला दुरून ऐकू जावं तशी:

"माझ्या लेकीचं बाळ नीट हातात येऊ दे. त्याला तुझ्या पाया पडायला मी सवता घेऊन येईन. तोवर तांदळाचा दाणा तोंडात नाय घालणार."

मी इतरांना सांगतो की त्या क्षणी ढग फाटून ऊन पडलं. पडलं नव्हतं. भुरभुर पाऊस होता, आणि त्या चेहऱ्याच्या कपाळावरचं कुंकू ओघळून उघड्या तोंडात जात होतं.

गाडीत बसल्यावर मेहुणे हळूच म्हणाले, "भावजी, हे काय केलंत?" बायकोने तेवढ्यात पुढे वाकून माझ्या कानाशी म्हटलं, "पन्हळीची ओटी भरली त्यांनी. आता सांगा. आत्ताच सांगा."

मी आरशात पाहिलं. आईने डोकं मागे टेकलं होतं आणि आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच तिचा जबडा सैल झाला होता. ती झोपत होती. मी सांगितलं नाही.

मेहुण्यांकडे त्या रात्रीच्या जेवणात डाळभात होता. आईने बटाटे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही बटाटे. शेवटचे दोन किल्ले तिने पाव चावत पाहिले आणि देव कुठे म्हणून एकदाही विचारलं नाही. तिचा देव झाला होता.

आम्ही परतलो. बहीण पलंगावर होती, पण ठीक होती. पावसाळा सरता सरता तिला मुलगी झाली. काळीसावळी, ठणठणीत, रडणं असं की बदलापूर स्टेशनवरच्या घोषणा कुणाला ऐकू येईनात. दवाखान्याच्या जिन्यात आईने माझे दोन्ही हात धरले. "तुझ्यामुळं," ती म्हणाली. "तू नेलंस म्हणून."

पेढे आणतो म्हणून मी जिना उतरलो.

मग पुढचं सुरू झालं. मेहुण्यांनी काढलेला एक फोटो होता, आई हात जोडून त्या चेहऱ्यासमोर उभी. मेहुण्यांनी तो निव्वळ इतिहासाच्या आवडीने पाठवला होता. आईने त्याला काच बसवून आमच्या देव्हाऱ्यात ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी दुकानाला निघताना मी आंघोळ करून, ओल्या केसांनी, एका पन्हळीला नमस्कार करत आलोय. बायको उदबत्ती लावताना माझ्याकडे न बघता म्हणायची, "नीट वाका. पाणी तोंडावर पडेल."

बातमी पसरली. बहिणीच्या बिल्डिंगीतल्या बायका मला जिन्यात अडवू लागल्या. "भाऊ, ती इंग्लंडची देवी मंगळवारी पावते की शुक्रवारी?" शेठही एक दिवस गल्ला बंद करून जवळ आले. "साईं, हमारी बहू का भी दो साल से... उधर का फोटो एक मेरे को भी देना." इतकी वर्षं ते माझ्या राणीच्या महालावर हसत आले होते, आणि आता हसत नव्हते. मी म्हणालो, शेठ, आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा, देवीचाही तसाच नियम आहे. त्यांनी दाखवलं, हे बरं झालं. पण त्या दिवशी मी एकही पडदा विकू शकलो नाही.

आणि घरात भात. आमच्याकडे तांदूळ सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आईची भाकरी तांदळाची असायची, ती गेली. घावन गेले. सकाळचे पोहे गेले, मी म्हटलं पोहे कुठे तांदूळ, तर ती म्हणाली, "मग काय दगड हायत?" भेळेतले कुरमुरे ती वेचून बाजूला काढायची. ती नाचणीची भाकरी खायची आणि आम्हाला भात वाढायची. मीसुद्धा प्रायश्चित्त म्हणून भात सोडला. दुसऱ्या दिवशी शेठकडे कुणाची तरी बिर्याणी आली.

कापणीनंतर मामा नवा तांदूळ घेऊन आले. आईने पहिला भात रांधला. झाकण काढल्यावर तो वास खोलीभर झाला, दुधाचा आणि ओल्या मातीचा. आई पातेल्यावर वाकून उभी राहिली, बराच वेळ. मला वाटलं, घेईल आता एक शीत, दाबून बघायला तरी. तिने शीत बोटांत दाबलं, शिजलंय म्हणाली, आणि बोटं पदराला पुसली.

त्या दिवशी मी नवी युक्ती काढली. "आई, आपलं अंबरनाथचं जुनं देऊळ आणि ती देवी, दोघं एकाच काळातले. नात्यातले समज. तिथे नेऊ बाळाला आणि नवस फेडून टाकू."

"नणंदेकडं दिलेलं जावेला पोचतं का?" आई म्हणाली. विषय संपला.

उरलं उष्टावण. आमच्यात बाळाला पहिला भात मामाने भरवायचा असतो, म्हणजे मी. सोनिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये पाहुणे भिंतीला टेकून बसले होते. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, माझ्या मांडीवर भाची, कपाळाला तीट. मी तिला पहिलं बोट चाटवलं. तिने तोंड वाकडं केलं, मग तिला चव कळली, आणि तिने वाटीतच हात घातला. समोर आई वाकून कौतुक करत होती. भाचीने खिरीची अख्खी मूठ सरळ आजीच्या तोंडाला फासली.

एकच गलका झाला. "भरवलं! नातीनं आजीला भरवलं!"

बहिणीची सासू हात उंचावून म्हणाली, "विहीणबाई, गिळा! बाळानंच भरवलं म्हणजे नवस फिटला!"

"असं कसं फिटेल?" शेजारची एक. "देवीला चालतं का ते विचारा. भाऊ, तुम्ही सांगा. तुम्हालाच माहिती."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या देवीचा जगात एकच पुजारी होता. आई तशीच वाकलेली, ओठ घट्ट मिटलेले, ओठांवर दोनतीन शितं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उलथणं घेऊन थबकली. खरं सांगितलं तर आईची तिच्या लेकीच्या सासरी, साऱ्या बिल्डिंगीसमोर फजिती. गप्प बसलो तर नाचणी. आणि तिसरी वाट माझ्या जिभेवर तयार होती, ती नेहमीच तयार असते.

"चालतं की!" मी म्हणालो. "पाटीवर लिहिलंच होतं तसं, इंग्रजीत. बाळाने आपल्या हाताने भरवलं तर यायची गरज नाही. मी स्वतः वाचलंय."

पुन्हा गलका. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात कधीकधी एखादी म्हातारी बाई कापड बोटांत चोळते, भाव विचारत नाही, फक्त ठेवून देते, तसं.

तिने पदराच्या टोकाने ओठांवरची शितं टिपली, एक एक वेचून भाचीच्या तोंडात घातली, आणि मग माझ्याजवळ वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी बोलली.

"पाटी मेव्हण्यांनी वाचली. तू नव्हतीस वाचली. आणि ती वाचताना त्यांनी हातानं असं, वरनं पाणी पडल्यासारखं करून दावलं होतं."

माझ्या मांडीवर भाची होती म्हणून, नाहीतर मी उठून पळालो असतो.

"मग आई..." मी म्हणालो. "मग कशाला? सोड ना."

"मी पाटीला बोलले होते का?" ती म्हणाली. "मी बोलले. पोरगी आली." तिने भाचीचं चिकट बोट पुसलं. "हिला न्यायला पासपोर्ट लागंल ना?"

"लागेल," मी म्हणालो. त्यात भर घालण्यासारखं मला काही सुचलं नाही.

पंगत बसली. आईच्या ताटात बहिणीने आठवणीने नाचणीची भाकरी वाढली. माझ्या ताटात मामांच्या शेतातला भात, वर वरण, वर तूप. मी हात लावेना. आईने पुढे सरकून माझं वरण भातात कालवलं, लहानपणी कालवायची तसं, आणि ताट माझ्याकडे ढकललं.

"जेव," ती म्हणाली. "नवस माझा हाय, तुझा नाय."

मी जेवलो. भात फार चांगला झाला होता. ती भाकरीचा तुकडा मोडत शेजारीच बसली होती, आणि माझं ताट संपत आलं की विचारत होती, अजून वाढू का.